शिबिरानंतरचे साठ दिवस

मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचे यंत्र बसवलेली गाडी गावोगाव फिरवावी की नाही, यावर आपल्या सातारा-सांगलीकडे चालणारा वाद मी काही वर्षे लक्ष देऊन ऐकते आहे, आणि तो दर वेळी चुकीच्या जागी सुरू होतो असे मला वाटते. एका बाजूला महिला दिनाच्या सुमारास उत्साहाने शिबिरे भरवणारी मंडळी असतात. पुण्या-मुंबईच्या बाईला जे मिळते ते माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या बाईला का मिळू नये, असा त्यांचा सवाल असतो. दुसऱ्या बाजूचे लोक सांगतात की ही तपासणी म्हणजे यंत्रे विकणाऱ्यांचा धंदा आहे, क्ष-किरणांनीच कर्करोग होतो आणि छाती दाबल्याने गाठ फुटून अंगभर पसरते. पहिल्यांच्या लेखी यंत्र आले की जीव वाचले, आणि दुसऱ्यांच्या लेखी यंत्र टाळले की बाई सुरक्षित राहिली. यंत्रासमोर उभी राहिलेली बाई दुसऱ्या दिवशी कुठे जाते, हा प्रश्न दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

माझे मत आधीच सांगते. आपल्या दोन जिल्ह्यांनी पहिला पैसा आणि पहिले मनुष्यबळ फिरत्या मॅमोग्राफीवर घालू नये. जिच्या हाताला गाठ लागली आहे तिचे निदान ठरलेल्या मुदतीत पुरे करणारी पक्की व्यवस्था आधी उभी करावी, आणि तिच्या जोडीला शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांच्या हातांनी होणारी नियमित तपासणी सुरू करावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली स्तनांच्या कर्करोगाविषयीचा जो उपक्रम हाती घेतला, त्यात ही मुदत साठ दिवसांची धरली आहे: बाई पहिल्यांदा दाखवायला आल्यापासून साठ दिवसांत चित्रण, सुईने तुकडा काढणे (बायोप्सी) आणि पॅथॉलॉजीचा अहवाल हे सारे झाले पाहिजे. मॅमोग्राफी हवीच आहे. ती सोनोग्राफी आणि बायोप्सी शेजारच्या खोलीत होत असतील अशा ठिकाणी हवी, आणि तिची सुरुवात पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांपासून व्हावी.

यंत्राला घाबरवणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात निकालात काढता येते. दोन्ही स्तनांच्या नेहमीच्या मॅमोग्राफीत शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग सुमारे 0.4 मिलिसिव्हर्ट असतो, म्हणजे माती, दगड आणि आकाशातून आपल्याला साधारण सात आठवड्यांत आपोआप मिळतो तेवढा. स्तन दाबतात ते आतल्या पेशींचे थर एकमेकांवरून बाजूला व्हावेत आणि कमी किरणांत स्पष्ट चित्र यावे म्हणून. त्या दाबाने कर्करोग पसरतो याला पुरावा नाही. जिला खरोखर गाठ आहे अशी एखादी बाई या भीतीपोटी घरी बसत असेल, तर ती भीती पसरवणाऱ्यांवर मोठी जबाबदारी येते, एवढे बोलून मी पुढे जाते.

शिबिरवाल्यांच्या हाती मात्र खरे पुरावे आहेत आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत. न्यूयॉर्कमध्ये 1963 साली रेडिओलॉजिस्ट फिलिप स्ट्रॅक्स, सांख्यिकीतज्ज्ञ सॅम शपिरो आणि शल्यविशारद लुई व्हेनेट यांनी सुमारे 62,000 स्त्रियांचे दोन गट करून जगातला असा पहिला मोठा प्रयोग सुरू केला. तपासणी देऊ केलेल्या गटातले स्तनकर्करोगाचे मृत्यू पहिल्या दहा वर्षांत सुमारे तीस टक्क्यांनी कमी भरले. स्वीडनमध्ये लास्लो ताबार आणि सहकाऱ्यांनी 1977 पासून दोन प्रांतांत केलेल्या प्रयोगाने 1985 साली 31 टक्के घट दाखवली. या सर्व प्रयोगांची छाननी करणाऱ्या, मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश समितीने 2012 साली अधिक सावध आकडा दिला, तो वीस टक्क्यांचा. पन्नाशीच्या 10,000 स्त्रियांना वीस वर्षे नियमित तपासणीला बोलावले तर 43 मृत्यू टळतात, असा त्यांचा हिशेब आहे. 43 घरांतल्या आया, बहिणी, सासवा. हा आकडा लहान आहे असे मी म्हणणार नाही.

त्याच समितीने त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवला होता, तो आपल्याकडच्या भाषणांत कधी ऐकू येत नाही. त्याच 10,000 स्त्रियांपैकी 129 जणींना असा कर्करोग सापडतो की, तपासणी झाली नसती तर त्याने त्यांना आयुष्यभर त्रास दिला नसता. सापडल्यावर मात्र शस्त्रक्रिया होते, किरणांचे शेक दिले जातात, औषधे सुरू होतात. याला अतिनिदान म्हणतात. ते पटणे अवघड जाते, कारण अतिनिदान झालेली प्रत्येक बाई आपण तपासणीमुळे वाचलो असेच मनापासून समजते. दक्षिण कोरियात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. तिथे आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी स्वस्तात मिळू लागली आणि 1993 ते 2011 या काळात थायरॉइड कर्करोगाचे निदान पंधरा पटींनी वाढले. त्या रोगाने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. हजारो माणसांच्या ग्रंथी निघाल्या आणि गोळी जन्माची लागली. ‘लवकर सापडलेले रुग्ण जास्त वर्षे जगतात’ या वाक्यातली गफलतही इथे पाहायला हवी. पुण्याहून येणारी एसटी कोणी शिरवळला पाहिली आणि कोणी पाचवडला, तर शिरवळला पाहणाऱ्याने ती जास्त वेळ पाहिली एवढेच म्हणता येईल. साताऱ्याच्या स्टँडवर ती पोचायची तेव्हाच पोचते. तसाच रोग आधी दिसला तर मृत्यू पुढे न ढकलताही जगण्याची वर्षे जास्त भरतात. तपासणीचा उपयोग झाला की नाही हे मृत्यू कमी झाले का यावरूनच ठरते, आणि म्हणून वीस-वीस वर्षांचे प्रयोग करावे लागतात.

बरे, ते 43 मृत्यू नुसत्या यंत्राने टळत नाहीत. ब्रिटनच्या कार्यक्रमात मॅमोग्राफी वाचणाऱ्याने वर्षाला किमान 5,000 स्त्रियांची चित्रे वाचावीत अशी अपेक्षा असते, आणि प्रत्येक चित्र दोघे जण स्वतंत्रपणे वाचतात. जुनी चित्रे बाजूला लावून तुलना होते; शंका आली की बाईला नावानिशी परत बोलावतात, आणि ती आली नाही तर तिला शोधतात. राखाडी सावल्यांतून तांदळाच्या कणीहून बारीक चुन्याचे ठिपके ओळखणे ही नजर रोजच्या सरावाने येते. आपल्या तालुक्यांत सकाळपासून पोटाच्या सोनोग्राफी आणि हाडांचे फोटो पाहून दमलेल्या रेडिओलॉजिस्टपुढे संध्याकाळी शिबिरातली चाळीस मॅमोग्राम येऊन पडतात. त्यांतल्या एकीचेही जुने चित्र नसते. यात त्या डॉक्टरांचा दोष नाही. पण ब्रिटनचा आणि स्वीडनचा आकडा या व्यवस्थेला कसा लागू करायचा?

इथे एक जोरदार आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो: आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा दहा वर्षे लवकर होतो, मग पन्नाशीची वाट का पाहायची? पंचेचाळिशीतल्या रुग्ण स्त्रिया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पण रुग्णांचे सरासरी वय कमी असण्याचे एक मोठे कारण असे की आपली लोकसंख्याच तरुण आहे. सत्तरीच्या स्त्रिया तुलनेने थोड्या, म्हणून सत्तरीच्या रुग्णही थोड्या. चाळिशीतल्या दर लाख स्त्रियांमागे पाहिले तर आपले प्रमाण अमेरिकेपेक्षा कमीच भरते. दुसरे असे की तरुण वयात स्तनातली ग्रंथींची ऊती दाट असते, चित्रात ती पांढरी दिसते आणि कर्करोगही पांढराच दिसतो. रेडिओलॉजीतील संशोधक एटा पिसानो यांच्या नेतृत्वाखाली उत्तर अमेरिकेत 49,528 स्त्रियांवर झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे चांगले उलगडून दाखवले. एकूण स्त्रियांत फिल्मवरची आणि डिजिटल मॅमोग्राफी सारखीच ठरली; पन्नाशीखालच्या, पाळी सुरू असलेल्या आणि दाट ऊतीच्या स्त्रियांत मात्र डिजिटल यंत्र सरस ठरले. यंत्र कोणते आणि समोरची बाई कोण, यावर उत्तर बदलते. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने 2024 साली चाळिशीपासून दर दोन वर्षांनी तपासणीची शिफारस केली आहे, हे खरे आहे. पण ती शिफारस जिथे परत बोलावलेल्या बाईची पुढची सोय आधीपासून आहे त्या देशासाठी आहे.

आकड्यांत मांडून पाहू. समजा, चाळीस ते पन्नास वयाच्या हजार स्त्रियांची पहिलीच मॅमोग्राफी शिबिरात झाली. त्यांतल्या फार तर एक-दोघींना कर्करोग असेल. पहिल्या फेरीत मात्र शेकडा आठ-दहा जणींच्या चित्रात काहीतरी शंकास्पद दिसेल, म्हणजे ऐंशी ते शंभर स्त्रियांना पुढच्या तपासणीला बोलवावे लागेल. शंभर स्त्रियांची सोनोग्राफी कोण करणार, त्यांतल्या ज्यांना लागेल त्यांची सुई कोण घालणार, आणि म्हसवडहून साताऱ्याला किंवा जतहून मिरजेला यायचा खर्च, बुडालेली मजुरी, सोबतीला येणाऱ्या नवऱ्याची किंवा मुलाची सुट्टी कोण भरून देणार?

हे सगळे मी माझ्याच नात्यात पाहिले. खटाव तालुक्यातल्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या एका बाईंची अशाच एका शिबिरात मॅमोग्राफी झाली. दीड महिन्याने इंग्रजी कागद आला आणि त्यावर ‘बायरॅड्स 0’ असे लिहिलेले होते. घरच्यांनी शून्य म्हणजे काही नाही असे समजून देवापुढे साखर ठेवली. रेडिओलॉजिस्टांच्या भाषेत शून्याचा अर्थ चित्र अपुरे आहे, आणखी तपासणी केल्याशिवाय काही सांगता येत नाही, असा होतो. चार महिन्यांनी एका ओळखीच्या औषध दुकानदाराने तो कागद वाचला तेव्हा घरात रडारड झाली. शेवटी सोनोग्राफीत साधी पाण्याची गाठ निघाली. त्याच घरातल्या त्यांच्या जावेच्या काखेजवळ तेव्हा सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती म्हणून त्यांनी कोणाला सांगितले नव्हते आणि शिबिराच्या दिवशी त्या भांगलणीला रानात गेल्या होत्या. वर्षभराने त्या उपचाराला आल्या तेव्हा रोग तिसऱ्या टप्प्यात होता. जी निरोगी होती तिच्या वाट्याला यंत्र आले आणि जी आजारी होती तिच्यापर्यंत कोणीच पोचले नाही, ही बोच माझ्या मनातून गेलेली नाही. कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, हे एक वाक्य जरी त्या जाऊबाईंना आधी कोणी सांगितले असते!

शिबिर या गोष्टीवर आपला एवढा विश्वास का, याचेही कारण आहे. मोतीबिंदूच्या शिबिरांनी आपल्याकडे हजारो म्हाताऱ्या माणसांना दृष्टी दिली. तिथे येणाऱ्याला आपल्याला दिसत नाही हे माहीत असते, डॉक्टरांना बॅटरीच्या उजेडात निदान होते आणि शस्त्रक्रिया झाली की काम पुरे होते. कर्करोगाच्या चाळणी तपासणीत सगळे उलट आहे. येणारी बाई निरोगी असते, चित्राने निदान होत नाही तर संशय सुरू होतो, आणि त्या संशयाचा छडा लावायला पुढे पाच-सहा मुक्काम गाठावे लागतात. म्हणून मोतीबिंदूच्या शिबिराचे यश ‘इतक्या जणांना तपासले’ या आकड्यात बऱ्यापैकी दिसते, आणि मॅमोग्राफीच्या शिबिरात तो आकडा जवळजवळ निरर्थक असतो.

मग हाताच्या तपासणीवर मी भर का देते? ती मॅमोग्राफीची गरिबांसाठीची नक्कल आहे, असे मला वाटत नाही. न्यूयॉर्कच्या त्या पहिल्याच प्रयोगात तपासणीत सापडलेल्या कर्करोगांपैकी सुमारे एक-तृतीयांश फक्त मॅमोग्राफीत दिसले होते. त्याहून अधिक केवळ डॉक्टरांच्या हाताला लागले होते. कॅनडात अँथनी मिलर यांनी 1980 पासून सुमारे 90,000 स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात पन्नाशीच्या पुढच्या एका गटाची नुसती हाताने नीट तपासणी होत होती, दुसऱ्या गटाला तिच्या जोडीला मॅमोग्राफीही मिळत होती. पंचवीस वर्षांनंतरही दोन्ही गटांतल्या मृत्यूंत फरक दिसला नाही. त्या प्रयोगातली यंत्रे कमी दर्जाची होती आणि गट पाडण्याची पद्धत सदोष होती, अशी टीका अनेक रेडिओलॉजिस्टांनी केली आहे, आणि ती सहज झटकून टाकण्यासारखी नाही. पण आपल्या सर्वांत जवळचा पुरावा मुंबईचा आहे. टाटा रुग्णालयाचे इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या 1,51,538 स्त्रियांवर काम केले. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत होत्या. 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग कमी वाढलेल्या अवस्थेत सापडत होता, आणि पन्नाशी व त्यापुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र मृत्यूंत घट दिसली नाही, आणि सर्व वयांची मिळून दिसलेली पंधरा टक्क्यांची घट सांख्यिकीच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. माझ्या बाजूला सोयीचा तेवढाच अर्धा निष्कर्ष सांगणे बरे नव्हे. तरुण स्त्रियांसाठी चाळणी तपासणीपेक्षा गाठ लागताच विनाविलंब निदान होणे महत्त्वाचे, असे मी म्हणते ते यामुळेच. आणि ‘बायकांना स्वतःच तपासायला शिकवा, काम झाले’ या सोप्या उत्तरावरही माझा भरवसा नाही: शांघायच्या कापडगिरण्यांतल्या 2,66,064 स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात स्वतः तपासणी शिकवूनही मृत्यू घटले नाहीत, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी तेवढ्या वाढल्या.

सरकारी धोरणात हाताची तपासणी आहेच. केंद्राच्या 2016 च्या आराखड्यानुसार तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी व्हायची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनांची तपासणी झालेल्या अवघ्या 0.9 टक्के निघाल्या. शेकडा एकही नाही. उपकेंद्रात पडदा नाही, तपासायला वेगळी खोली नाही, सेविकेला एका दिवसाचे प्रशिक्षण मिळते आणि उरलेला वेळ नोंदवह्या भरण्यात जातो. एका गाडीच्या किमतीत किती उपकेंद्रांत आडोसा होईल आणि किती सेविकांचे हात तयार होतील, हा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

ग्रामीण महाराष्ट्राला हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी बार्शीकडे बोट दाखवते. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने टाटा रुग्णालयाच्या साथीने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. आर. शंकरनारायणन यांनी 2009 साली त्याचे निष्कर्ष मांडले. या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी झालेल्या गटात वाढलेल्या अवस्थेतले कर्करोग आणि मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. माण आणि जतपेक्षा त्या गावांची परिस्थिती काही सुखाची नव्हती. फरक पडला तो घरोघर केलेल्या नोंदीमुळे, दोष सापडलेल्या प्रत्येक बाईला उपचारापर्यंत नेल्यामुळे आणि वर्षानुवर्षे ठेवलेल्या मागोव्यामुळे.

आता नवा आग्रह संगणकाच्या बुद्धीचा आहे. रेडिओलॉजिस्ट कमी आहेत ना, मग चित्रे यंत्रच वाचेल. स्वीडनमध्ये क्रिस्टिना लाँग यांच्या गटाने 80,000 हून अधिक स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचे 2023 मधले निष्कर्ष खरोखर आशादायक आहेत: संगणकाच्या मदतीने वाचनाचे काम 44 टक्क्यांनी कमी झाले आणि सापडलेले कर्करोग हजारी 5.1 वरून 6.1 वर गेले. पण अशी आशा आपण आधी एकदा केली आहे. अमेरिकेत 1998 पासून संशयाच्या जागा दाखवणारी संगणकप्रणाली मान्य झाली, तिचे पैसे सरकारी विम्यातून मिळू लागले आणि ती देशभर पसरली. 2015 साली कॉन्स्टन्स लेहमन यांनी तीन लाखांहून अधिक स्त्रियांच्या मॅमोग्राफींची तुलना केली तेव्हा तिच्यामुळे निदान अचूक झाले असे कोणत्याही मापाने दिसले नाही. आजची प्रणाली त्याहून कितीतरी पुढची आहे, हे मान्य. पण स्वीडनमध्ये संगणकाने ज्या बाईकडे बोट दाखवले तिची बायोप्सी होणारच होती. खटावात ते बोट पुन्हा एका कागदावर ‘0’ म्हणूनच उमटणार असेल, तर आपण काय कमावले?

समतेचा मुद्दा मी शेवटी घेते, कारण तो मला सर्वांत जवळचा आहे. पुण्याच्या बाईला मिळते ते आपल्या बाईला मिळालेच पाहिजे. पण पुण्याच्या सुखवस्तू बाईला नेमके काय मिळते? सोमवारी गाठ लागली तर मंगळवारी तिची सोनोग्राफी होते, त्याच आठवड्यात बायोप्सी होते आणि पुढच्या आठवड्यात ती कर्करोगतज्ज्ञांसमोर बसते. तिचा खरा लाभ हा वेग आहे. आपण गाडी पाठवतो आणि वेग मागेच ठेवतो. गावात नेलेल्या गाडीत पुढची सोनोग्राफी करावी म्हटले तर तेही सोपे नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याने सोनोग्राफी यंत्रे फिरवण्यावर कडक बंधने आहेत, आणि आपल्या दोन जिल्ह्यांनी मुलींच्या बाबतीत जे केले आहे ते पाहता ती बंधने सैल व्हावीत असे मला मुळीच वाटत नाही. तेव्हा निदानाची जागा एकच आणि पक्की असावी. सातारा, कराड, सांगली आणि मिरज इथे आठवड्यातला एक दिवस ठरलेला असावा, आशाताईंनी पाठवलेल्या बाईची त्या एकाच दिवशी हाताची तपासणी, चित्रण आणि सुई व्हावी, एसटीचे भाडे तिला तिथेच मिळावे, अहवाल मराठीत लिहिलेला असावा आणि त्यावर पुढच्या भेटीची तारीख असावी. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. त्या योजनेपर्यंत बाई वेळेत पोचण्याचा रस्ता तेवढा नाही.

म्हणून पुढच्या वेळी शिबिराचा अहवाल हाती येईल तेव्हा मी किती स्त्रियांना तपासले हे विचारणार नाही. परत बोलावलेल्या किती होत्या, त्यांतल्या किती जणी आल्या, ज्या आल्या नाहीत त्यांच्या घरी कोण गेले, आणि पहिल्या दिवसापासून बायोप्सीचा अहवाल हातात पडेपर्यंत किती दिवस लागले, हे चार आकडे मी मागणार आहे. ते ज्यांच्याकडे असतील त्यांच्या गाडीसाठी वर्गणी गोळा करायला मी स्वतः दारोदार फिरेन.